खसखशीएवढी गोचीड आणि वसंतातल्या दोन मुली

न्यू जर्सीत मार्च संपत आला की आमच्या घराचं वेळापत्रक आपोआप बदलतं. घड्याळं तासाने पुढे गेलेली असतात, रात्रीच्या जेवणाच्या वेळीही बाहेर बऱ्यापैकी उजेड असतो, फोर्सिथियाची झुडपं पिवळीधमक होतात आणि चार महिने घरात कोंडलेल्या मुलींना आता आत थांबवणं अशक्य होतं. थोरली सात वर्षांची, तिचा शनिवार सॉकरच्या मैदानावर जातो. धाकटी चार वर्षांची, तिला डँडेलियनच्या म्हाताऱ्या फुंकून उडवायच्या असतात आणि त्या नेमक्या कुंपणापलीकडच्या उंच गवतात जास्त मिळतात. संध्याकाळी दोघी मातीने माखून घरात येतात. मग आंघोळ, वेण्या सोडणं आणि त्याच वेळी चालणारं आमचं आणखी एक काम: गोचीड बघणं.

नुकतेच भारतातून आलेले मित्र हे पाहून हसतात. "गावाकडे गाई-म्हशींच्या अंगावर गोचिडी बघतच वाढलो आपण, त्यात एवढं काय?" असा त्यांचा प्रश्न असतो. तो रास्त आहे. त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं.

तीळ आणि खसखस

गोचीड हा किडा नाही. किड्यांना सहा पाय असतात, गोचिडीला आठ. ती कोळी आणि विंचवाच्या गोतावळ्यातली. अमेरिकेच्या ईशान्य भागात जिची काळजी करायची ती काळ्या पायांची गोचीड. शास्त्रीय नाव इक्सोडीस स्कॅप्युलॅरिस. हिची पूर्ण वाढ झालेली मादी उपाशीपोटी साधारण तिळाएवढी असते. पण आपला खरा प्रश्न तिच्या आधीच्या अवस्थेचा आहे.

या गोचिडीचं आयुष्य साधारण दोन वर्षांचं असतं आणि तेवढ्यात ती फक्त तीनदा जेवते. वसंतात घातलेल्या अंड्यांतून उन्हाळ्यात लार्वा बाहेर पडतो. याला मात्र सहाच पाय असतात. तो एखाद्या उंदराचं किंवा पक्ष्याचं रक्त पितो, कात टाकतो आणि पालापाचोळ्यात हिवाळा काढतो. पुढच्या वसंतात तो आठ पायांची निम्फ होऊन भुकेला बाहेर येतो. ही निम्फ जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी असते. तिचं दुसरं जेवण मे ते जुलै या काळात होतं, म्हणजे नेमकं मुलं सगळ्यात जास्त बाहेर असतात तेव्हा. तिसरं आणि शेवटचं जेवण प्रौढ मादीचं, शरद ऋतूत किंवा त्यानंतरच्या वसंताच्या सुरुवातीला, बहुधा हरणाच्या अंगावर. मग ती अंडी घालते आणि मरते.

माणसाला होणारा बहुतेक संसर्ग प्रौढ गोचिडीपेक्षा निम्फकडून होतो. कारण साधं आहे. तीळ दिसतो, हाताला लागतो. कानामागे चिकटलेला खसखशीचा दाणा दिसत नाही.

ती चावते कशी?

गोचीड उडी मारत नाही, उडत नाही आणि झाडावरून टपकतही नाही. ती गवताच्या पात्याच्या किंवा झुडपाच्या टोकाशी चढते, मागच्या पायांनी पातं धरते आणि पुढचे दोन पाय पसरून वाट बघते. त्या पुढच्या पायांवर हॅलरचं इंद्रिय नावाची बारीक खळगी असते. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास तिला तिथे कळतो. कोणी घासून गेलं की ती अंगावर येते आणि वर सरकत मऊ, झाकलेली जागा शोधते: गुडघ्यामागे, कमरेच्या इलॅस्टिकखाली, बेंबीत, काखेत, कानामागे, केसांत.

चावा दुखत नाही, हीच यातली गोम. गोचिडीच्या लाळेत रक्त गोठू न देणारी आणि आपल्या शरीराचा प्रतिकार दाबणारी रसायनं असतात. सोंडेसारख्या भागावर मागे वळलेले काटे असतात, शिवाय सिमेंटसारखा एक चिकट पदार्थ तिला त्वचेशी जखडून ठेवतो. डास काही मिनिटांत जेवून निघून जातो. निम्फ मात्र तीन-चार दिवस तिथेच बसून जेवते.

दोन आयांच्या नोंदी

१९७५ च्या सुमारास कनेटिकट राज्यातल्या लाइम आणि आसपासच्या गावांत मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टरांना तो लहान मुलांचा संधिवात वाटत होता. पण हा आजार विरळ असतो, आणि इथे एकाच रस्त्यावरच्या अनेक मुलांना तो झाला होता. पॉली मरे ही आई स्वतःच्या कुटुंबातली आणि शेजारपाजारची लक्षणं लिहून ठेवत होती. ज्युडिथ मेन्श या दुसऱ्या आईनेही स्वतंत्रपणे आरोग्य खात्याला कळवलं. येल विद्यापीठाचे डॉ. ॲलन स्टीअर यांनी मग पद्धतशीर शोध घेतला. १९७७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातली ३९ मुलं होती. अनेकांना सांधे सुजण्याआधी अंगावर पसरत जाणारा एक विचित्र चट्टा आला होता.

कारण सापडायला आणखी काही वर्षं गेली. मोन्टाना राज्यातल्या प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिडींची आतडी तपासत होते. त्यांना तिथे स्क्रूसारखे पीळदार जिवाणू दिसले. १९८२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि पुढे जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं: बोरेलिया बर्गडॉर्फेरी. आजाराला नाव मिळालं गावाचं, लाइम. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर या आजाराचे उपचार होतात, असा सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा अंदाज आहे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत त्याचं प्रमाण विशेष जास्त आढळतं.

उंदीर, ओक आणि हरणं

अंड्यातून बाहेर आलेल्या गोचिडीत लाइमचा जिवाणू नसतो. तो तिला पहिल्या जेवणात मिळतो, आणि तो देण्यात पुढे असतो पांढऱ्या पायांचा छोटा उंदीर. त्याच्या अंगात हा जिवाणू असतो, पण तो स्वतः आजारी दिसत नाही. हरणं गोचिडींना पोसतात, तरी त्यांच्याकडून गोचिडीला जिवाणू मिळत नाही.

आमच्या मुली शरद ऋतूत ओकची टणक फळं खिसे भरभरून घरी आणतात. काही वर्षी ही फळं एवढी पडतात की पायाखाली नुसती करकर होते. न्यूयॉर्क राज्यातल्या केरी इन्स्टिट्यूटच्या रिचर्ड ऑस्टफेल्ड यांनी अनेक वर्षं याच गोष्टीचा माग काढला. फळं भरपूर पडली की हिवाळ्यात उंदीर जगतात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांची संख्या वाढते. त्या उंदरांवर लार्वा जेवतात आणि त्याच्या पुढच्या वर्षी निम्फ वाढतात. म्हणजे आज मुलींनी गोळा केलेल्या ओकच्या फळांचा हिशोब दोन वर्षांनी येणाऱ्या वसंतात लागतो.

घड्याळ आपल्या बाजूला आहे

आता दिलाशाची गोष्ट. जिवाणू गोचिडीच्या आतड्यात सुस्त पडून असतो. गरम रक्त आत आलं की तो जागा होतो, वाढतो, स्वतःचं बाह्य आवरण बदलतो, मग लाळग्रंथींपर्यंत पोचतो आणि तिथून आपल्या अंगात येतो. या प्रवासाला वेळ लागतो. साधारणपणे गोचीड चोवीस तासांपेक्षा जास्त काळ चिकटून राहिल्याशिवाय लाइमचा संसर्ग होत नाही.

म्हणूनच रोज संध्याकाळची तपासणी. ती दोन दिवसांनी करून उपयोग नाही, रोज केली तर घड्याळ आपल्या बाजूने चालतं. आमचा क्रम ठरलेला आहे. बाहेरून आल्यावर दोन तासांच्या आत आंघोळ. कपडे थेट ड्रायरमध्ये, चढ्या उष्णतेवर दहा मिनिटं. गोचीड ओल्या कपड्यांत तग धरते, कोमट पाण्याच्या धुण्यातूनही वाचू शकते, पण कोरड्या उष्णतेत सुकून मरते. म्हणून आधी ड्रायर, धुणं नंतर. मग वेण्या सोडून भांगाभांगातून बोटं फिरवायची, कारण अशी बारीक गाठ डोळ्यांआधी बोटांना कळते. कानांच्या मागे, काखेत, बेंबीत, गुडघ्यांमागे आणि जांघेत नीट पाहायचं. धाकटीने याचा खेळ केला आहे. ती स्वतःच एकेका जागेचं नाव ओरडते आणि शेवटी बाहुलीचीही तपासणी होते.

रानात जायचं असेल तर पँट मोज्यांत खोचायची आणि कपडे फिकट रंगाचे घालायचे. डीट किंवा पिकारिडिन असलेलं औषध त्वचेला लावता येतं. परमेथ्रिन मात्र फक्त कपड्यांवर आणि बुटांवर, अंगावर कधीच नाही. घराच्या मागच्या लॉनला झाडी लागून असेल तर मधे तीन फुटांचा लाकडाच्या चिपांचा किंवा खडीचा पट्टा घालावा. ओलाव्याविना जगू न शकणाऱ्या गोचिडीला तो कोरडा पट्टा ओलांडणं जड जातं.

सापडली तर?

बारीक टोकाचा चिमटा घ्या. गोचिडीला त्वचेच्या अगदी लगत धरा आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. रॉकेल, तेल, व्हॅसलीन, जळती काडी हे सगळे जुने उपाय विसरा. त्यांत ती सुटण्याची वाट बघण्यात वेळ जातो, आणि वेळच तर आपल्याला वाचवायचा आहे. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघाला नाही तर राहू द्या, त्वचा तो आपोआप बाहेर टाकते. जागा साबणाने धुवा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. गोचीड बराच काळ चिकटलेली असावी असं वाटलं तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना फोन करा. काही परिस्थितींत ते औषधाचा एकच डोस देऊन आजार टाळू शकतात.

पुढचा महिनाभर लक्ष ठेवा. चावल्यावर एक-दोन दिवसांत दिसणारी छोटी लाली ही साधी चीड असते, ती ओसरते. लाइमचा चट्टा ३ ते ३० दिवसांत येतो आणि दिवसागणिक पसरत जातो. तो सहसा खाजत नाही, दुखत नाही. ७० ते ८० टक्के रुग्णांत तो येतो, पण प्रत्येक वेळी चित्रातल्यासारखी नेमबाजीची वर्तुळं दिसतातच असं नाही.

इथे आपल्यासाठी एक महत्त्वाचा मुद्दा आहे. पुस्तकांतले आणि दवाखान्यांच्या भिंतींवरचे बहुतेक फोटो गोऱ्या त्वचेचे असतात. सावळ्या त्वचेवर हाच चट्टा लालभडक दिसेलच असं नाही. तो जांभळट, तपकिरी किंवा मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो. खेळणाऱ्या मुलीच्या पायावर असला डाग म्हणजे कुठेतरी आपटली असेल, असं समजून सोडून देणं फार सोपं असतं. म्हणून रंगापेक्षा आकार पाहा. मुका मार हळूहळू विरतो, हा चट्टा वाढतो. पेनाने कडेला रेघ काढा आणि दुसऱ्या दिवशी डाग रेघेबाहेर गेला का ते बघा. गेला असेल तर डॉक्टरांकडे जा. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ततपासणी निर्दोष येऊ शकते, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. त्यामुळे चट्टा डोळ्यांनी ओळखणं जास्त मोलाचं ठरतं. वेळेत ओळखला तर साधारण १० ते १४ दिवसांच्या प्रतिजैविकांनी बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. दुर्लक्ष झालं तर काही आठवड्यांनी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते, क्वचित हृदयाचे ठोके बिघडतात आणि काही महिन्यांनी गुडघा सुजतो.

आणि आपल्याकडे?

गावाकडच्या गोचिडी निरुपद्रवी असतात हेही खरं नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासानूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. तो आजार गोचिडीतून येणाऱ्या विषाणूचा निघाला. गेल्या दशकात हाच माकडताप गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात पोचला. तिथेही निम्फच चावते, आणि तिथेही मोसम जानेवारी ते मे असा, म्हणजे काजू गोळा करायला लोक बागांत जातात तेव्हाचा. फरक एवढाच की लाइम जिवाणूचा आजार आहे, त्यावर प्रतिजैविक चालतं. माकडताप विषाणूचा आहे, त्यावर तसं नेमकं औषध नाही.

आपल्यापैकी बरेच जण जूनच्या शेवटी शाळा सुटली की मुलांना घेऊन भारतात जातात. निम्फ चावण्याचा काळ आणि विमानात बसण्याचा काळ एकच. चट्टा किंवा ताप पुण्यात, नाशकात पोचल्यावर उमटू शकतो. तिथल्या डॉक्टरांनी लाइमचा रुग्ण कदाचित कधीच पाहिलेला नसेल. पावसाळ्यात ताप म्हटलं की त्यांच्या मनात आधी डेंग्यू आणि मलेरिया येणार, आणि ते योग्यच आहे. पण त्यांना एक वाक्य आवर्जून सांगा: "आम्ही अमेरिकेत जिथे राहतो तिथे गोचिडीमुळे लाइम होतो आणि मुलं गवतात खेळलेली आहेत." कॅलेंडरवर लिहिलेली तारीखही सोबत न्या. डॉक्टरांना योग्य दिशेने विचार करायला एवढं पुरेसं असतं.