पडकी भिंत बांधताना

दिवाळीतला किल्ला कधी पडका नसतो. पोती, विटा आणि चाळलेली माती यांच्या ढिगातून दोन दिवसांत उभा राहणारा हा गड नेहमी ऐन वैभवात असतो. बुरूज शाबूत, बालेकिल्ल्यावर सिंहासन, उतारावर उगवलेलं अळीव आणि तटबंदी ज्याच्या गुडघ्यालाही पोचत नाही असा प्लास्टरचा मावळा. प्रमाणाची फिकीर कोणी करत नाही, करूही नये. पण सहलीला जाऊन आपण जे गड पाहतो ते जवळपास सगळे पडके. रायगडावर १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांचे तोफगोळे पडले, आग लागली, वाड्यांचं लाकूडकाम जळून गेलं आणि दगडी जोती तेवढी राहिली. वाड्या-सोसायट्यांमधल्या रायगडांवर ती आग दोनशे वर्षांत लागलेली नाही.

लष्करी डायोरामा करणाऱ्याला रस असतो तो आगीनंतरच्या रायगडात. लाकडी पाटावर एखाद्या लढाईतला एक क्षण उभा करायचा: एक रणगाडा किंवा ट्रक, चार-सहा सैनिक आणि त्यांच्यामागे अर्धं कोसळलेलं घर. रणगाडा खोक्यातून येतो, सैनिकही येतात. घर मात्र बहुधा स्वतः बांधावं लागतं आणि बांधून झाल्यावर पाडावं लागतं. या छंदात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे पाडणं.

आधी मापाचं. या छंदातलं सर्वांत रुळलेलं प्रमाण १:३५, म्हणजे खऱ्याचा पस्तिसावा भाग. आकडा विचित्र आहे आणि त्यामागची हकीकतही तशीच. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६१ साली जर्मन पँथर रणगाड्याचं किट बाजारात आणायचं ठरवलं. आत मोटर आणि सेल बसवायचे होते. सेल मावतील एवढी रुंदी धरली, मग हिशेब केला तर प्रमाण पस्तिसाच्या आसपास निघालं. तेच पुढे जगभर चालू झालं. या मापात पाच फूट नऊ इंचांचा जवान पाच सेंटिमीटरचा होतो. नऊ इंची वीट साडेसहा मिलिमीटर लांब, म्हणून नऊ इंची भिंतही साडेसहा मिलिमीटर जाड. दहा फुटी मजला पावणेनऊ सेंटिमीटरमध्ये बसतो. हे आकडे डोक्यात पक्के नसतील तर दार खिडकीएवढं होतं आणि बघणाऱ्याला काहीतरी चुकलंय एवढंच कळतं, काय ते सांगता येत नाही.

भिंतीसाठी पीओपीची साडेसहा मिलिमीटर जाडीची लादी ओततात. ती पुरती वाळायच्या आत टोकदार सळईने विटांचे सांधे कोरले की काम हलकं होतं. पूर्ण वाळली की तीच लादी टवके उडवायला लागते. काही जण कडक फोमशीट वापरतात. ती हलकी असते आणि पेन्सिलीने दाबली तरी सांधा उमटतो. पण ती तुटते तेव्हा फोमसारखीच तुटते. प्लास्टर मोडलं की खडबडीत, दाणेदार कड निघते आणि पडक्या घरात सगळी गंमत त्या कडेत असते. म्हणून माझं मत प्लास्टरला, मग पाट कितीही जड होवो.

आता पाडायचं कसं? हातोडी घेऊन मनाला येईल तिथे मारलं तर फक्त भंगार तयार होतं. भिंत कशाने पडली हे आधी ठरवावं लागतं. तोफेचा गोळा बाहेरून लागला तर भोक पडतं, आसपासचा गिलावा मोठ्या चकतीत निघतो आणि राबिट दोन्ही बाजूंना उडतं. बॉम्ब छपरातून आत येऊन फुटला तर भिंती बाहेरच्या अंगाला फेकल्या जातात. नुसती आग लागली असेल तर भिंती उभ्याच राहतात. छप्पर आणि मजले खाली बसतात आणि काजळी प्रत्येक खिडकीच्या वर चढते, खाली नाही, कारण ज्वाळा तिथूनच बाहेर पडलेली असते. कोपरे सगळ्यात शेवटी पडतात, दोन भिंती एकमेकींना धरून असतात म्हणून. प्रदर्शनांतून काटकोनात उभा राहिलेला दोन भिंतींचा कोपरा इतका दिसतो, त्यामागे हे खरं कारण आहे. दुसरं कारण कमी थोर आहे. कोपरा केला की उरलेल्या दोन भिंती आणि छप्पर करायचे कष्ट वाचतात.

नवखा माणूस हमखास फसतो तो ढिगाऱ्यात. दहा बाय दहा फुटांची भिंत गायब आहे आणि खाली चमचाभर खडी, असं काम मी कितीदा तरी पाहिलंय. हिशेब सोपा आहे. तेवढी भिंत या मापात जवळजवळ पन्नास घन सेंटिमीटर भरते आणि सुट्या विटांच्या ढिगात पोकळ्या राहत असल्यामुळे ढीग त्याहून मोठा व्हायला हवा. शिवाय तो त्याच भिंतीचा हवा: तोच रंग, तोच गिलावा, मधे चौकटीचा तुकडा, वाशाचं जळकं टोक. म्हणून पाडलेला चुरा फेकायचा नाही. चाळणीने मोठा-मध्यम-बारीक वेगळा करायचा, आधी मोठे तुकडे रचायचे, फटींत बारीक सोडायचा आणि वरून पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरने टाकायचा. त्यात भांड्यांच्या लिक्विड सोपचा एक थेंब घातला नाही तर फेविकॉल मण्यासारखा वरच बसतो, आत झिरपत नाही.

घराच्या आतल्या बाजूचा धडा मात्र तळवलीइतका चांगला कुठे मिळत असेल असं वाटत नाही. नवी मुंबईत घणसोली आणि रबाळ्याच्या मधलं हे गाव. जमिनी गेल्या, चारी बाजूंना शहर आलं, तरी गावठाण दाटीवाटीने टिकून आहे. जुनं घर पाडून त्याच जागी चार-पाच मजले चढवायचं काम कुठेतरी चालूच असतं. अशा वेळी शेजारच्या घराला चिकटलेली सामाईक भिंत तेवढी उरते आणि पाडलेल्या घराची आतली बाजू तिच्यावर उघडी पडते. खाली निळा ऑइलपेंट, वर गुलाबी चुना, मधे सरळ रेघ. जिन्याची तिरपी खूण. फडताळाच्या जागी न रंगवलेला चौकोन. देव्हाऱ्याच्या वर तेलकट काळा डाग. खिळा आणि खिळ्याखाली कॅलेंडर हलून घासलेला अर्धगोल. गिलावा निघाला तिथे आधीचे दोन-तीन रंग थरांनी दिसतात. पडक्या घरात कोणीतरी राहत होतं हे पाहणाऱ्याला पटवणाऱ्या खुणा त्याच. डायोरामातल्या भिंतीवर रंगही त्याच क्रमाने द्यायचे: आधी सगळ्यात जुना, मग त्यावरचा आणि मग ब्लेडच्या टोकाने मागे मागे जायचं.

गावाच्या पलीकडे ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याला लागून एमआयडीसीचा पट्टा. बंद पडलेल्या कारखान्याचं फाटक म्हणजे गंज शिकायची शाळा. ताजा गंज भगवट, जुना गर्द तपकिरी, जवळजवळ काळा. पाणी जिथे थांबतं तिथे पत्रा खातो: शटरची खालची पट्टी, बिजागरीचा कोपरा, बोल्टचं डोकं. बोल्टखालून निघणारा ओघळ वर गडद, खाली फिका होत जातो. हे हातात उतरवायची युक्ती हेअरस्प्रेची आहे. आधी गंजाचा रंग, तो वाळला की हेअरस्प्रेचा थर, त्यावर पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग. मग ओल्या ब्रशने घासलं की खालचा हेअरस्प्रे विरघळतो, वरचा रंग पापुद्र्याने सुटतो आणि गंज डोकावतो. सरकवलेल्या शटरचे उभे ओरखडे असे दहा मिनिटांत येतात. ओघळांसाठी तेलरंगाचा ठिपका लावून टर्पेंटाइनमध्ये भिजवून टिपलेल्या ब्रशने खाली ओढायचा.

याचा मोह आवरता येत नाही, हा खरा धोका. लढाईतला रणगाडा वर्षानुवर्षं पावसात उभा नसतो. बऱ्याचदा काही महिन्यांतच त्याचा निकाल लागलेला असतो. त्याच्यावर धूळ असते, चिखल असतो, तेल सांडलेलं असतं, माणसं चढून-उतरून कडांचा रंग घासलेला असतो. अंगभर गंज चढतो तो जळलेल्या रणगाड्यावर, कारण आगीत रंगच उडून जातो आणि उघडं पोलाद काही दिवसांत लाल पडतं. चालू रणगाड्याला एमआयडीसीतल्या फाटकाचा गंज दिला की तो भंगारवाल्याच्या दारातला दिसतो.

तळवलीचा पाऊसही या छंदात ढवळाढवळ करतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतकं पाणी असतं की लॅकर फवारला तर त्यावर दुधाळ पांढुरकी झाक येते. प्लास्टर वाळता वाळत नाही. जमिनीवरच्या पाचोळ्यासाठी चहाचा चोथा फार छान दिसतो, पण कडकडीत वाळवल्याशिवाय वापरला तर आठवड्यात बुरशी. म्हणून पावसाळ्यात माणसं रंगवून ठेवावीत, घरं दिवाळीनंतर बांधावीत, असं आता मी ठरवूनच टाकलंय.

आणि इथल्या भिंतीवर पावसाचे काळे पट्टे, शेवाळं, फटीतून निघालेलं पिंपळाचं रोप दिसतं ते जसंच्या तसं नॉर्मंडीत नेता येत नाही. तो कोकणचा पाऊस आहे. डोळा इथे तयार होतो, पण जागा आणि तारीख पाहून हात आवरावा लागतो.

तारखेवरून आठवलं. या छंदाच्या पूर्वजांपैकी एक मोठं काम विल्यम सायबोर्न या इंग्रज लेफ्टनंटचं. त्याने वॉटर्लूच्या लढाईची भलीमोठी प्रतिकृती केली आणि १८३८ साली ती लंडनमध्ये मांडली. त्यासाठी लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून, तुम्ही संध्याकाळी सातच्या सुमाराला नेमके कुठे होतात, असं विचारलं होतं. वेळ ठरवल्याबरोबर भांडण लागलं. त्या वेळी प्रशियाचं सैन्य किती आणि कुठवर आलं होतं, म्हणजे विजयाचा वाटा कोणाचा, हा प्रश्न इंग्रजांचा सेनापती वेलिंग्टन याला मुळीच रुचला नाही. एक क्षण निवडणं हे किती बोचरं काम असू शकतं, याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत चांगलं उदाहरण.

आपल्याकडचे बहुतेक जण मात्र विषय निवडत नाहीत, खोक्यावरचं चित्र निवडतात. म्हणून ठाण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये जर्मन टायगर रणगाडे उभे राहतात आणि मागे फ्रान्समधलं घर. टायगर देखणा आहे, त्याला माझी ना नाही. पण रणगाडे प्रत्यक्ष पाहायचे तर नगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ पासून. तिथे विजयंता आहे, पाकिस्तानकडून हाती लागलेला पॅटन आहे. जोडपट्ट्यांची जाडी, वेल्डिंगच्या वेड्यावाकड्या शिवणी, पोलादाचा ओतीव खडबडीतपणा फोटोत येत नाही, जवळ उभं राहिल्यावर कळतो.

आणि पडकं घरच हवं असेल तर इटली आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी तिथे लढल्या. नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. त्यांनी एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर चाल केली, तो घेतला आणि तिथेच ते मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिपाई नामदेव जाधव नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे आणलं, मशीनगनचे मोर्चे गप्प केले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते जिवंत परतले.

मला घाडग्यांच्या खोऱ्यातलं एक शेतघर करायचंय, लढाईचा तो क्षण नाही. नंतरची दुपार, घराच्या सावलीत बसलेले तीन-चार मराठा जवान. भिंत दगडाची, वर पिवळट गिलावा. छपराला तिकडे अर्धगोल मातीची कौलं असतात, एक उताणं, एक पालथं, आपल्या कोकणातल्या नळीच्या कौलांसारखीच. ती कागदाची होतील: फेविकॉलमध्ये भिजवलेली पट्टी विणायच्या सुईवर गुंडाळायची, वाळली की उभी चिरून दोन करायची, मग दीड-दीड सेंटिमीटरवर कापायची. छपराच्या एका कोपऱ्यालाच दीडशेएक लागतील. त्यातली निम्मी फोडून ढिगाऱ्यात जातील. महिना जुलै, तेव्हा बुटांवर चिखल नाही, फिकट धूळ, गवत वाळलेलं. जाधवांची नदी केली असती तर एप्रिलचा ओला बांध आणि गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पॅन्टी करायला लागल्या असत्या. पाण्यासाठी लागणारं रेझिन महाग आहे, हेही एक कारण.