आहार व त्वचेचे आरोग्य : पथ्य कशाचे आणि उपचार कशावर

त्वचेच्या तक्रारीसाठी येणाऱ्या रुग्णाचा डॉक्टरांना पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "पथ्य कोणते पाळू?" चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वनालगतच्या गावांतून येणाऱ्या अनेकांनी तर दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वीच वांगे, अंडी, मासे, डाळ असे एकेक पदार्थ वर्ज्य केलेले असतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्य नव्हे. तथापि डॉक्टरांच्या सहवासात उमगलेली एक गोष्ट आपणापुढे मांडणे अगत्याचे वाटते. आहारातील उणीव त्वचेवर उमटते हे खरे. परंतु त्वचेवर उमटलेली प्रत्येक खूण आहाराची नसते.

त्वचा व तिची गरज

त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो व सुमारे महिन्याभरात त्याची जागा नवा थर घेतो. या अखंड बांधकामासाठी प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, लोह आणि जस्त लागते. शरीरात या घटकांची आवक घटली की हृदय, मेंदू अशा महत्त्वाच्या अवयवांची गरज प्रथम भागवली जाते आणि तुटवडा त्वचेच्या व केसांच्या वाट्याला येतो. म्हणूनच कुपोषणाची खूण अंगावर लवकर दिसते.

उणिवेच्या तीन खुणा

पहिली खूण मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर व नितंबांवर आढळते. तेथील कातडी कोरडी होते आणि केसांच्या मुळाशी खरखरीत, टोकदार पुटकुळ्या येतात. १९३३ साली ल्यूसियस निकोल्स यांनी या विकाराला बेडकाच्या कातडीवरून 'फ्रिनोडर्मा' असे नाव दिले. आवश्यक स्निग्धाम्लांची तसेच 'अ' व 'ब' गटांतील जीवनसत्त्वांची कमतरता हे याचे कारण मानले जाते.

दुसरी खूण पेलाग्रा या आजाराची. मान, हातांची मागील बाजू, पावले अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांची त्वचा दोन्ही बाजूंना सारखीच काळवंडते व सोलते. जोडीला जुलाब होतात आणि पुढे बुद्धिभ्रंशही होतो. हा आजार संसर्गजन्य आहे असा अमेरिकेत समज होता. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतर तेथील अनाथालयांच्या आहारात दूध, अंडी, मांस व कडधान्ये वाढवून तो समज खोटा ठरवला. नायसिन या जीवनसत्त्वाचा अभाव हे त्याचे कारण १९३७ मध्ये निश्चित झाले. आपल्याकडे हा आजार केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्यांत दिसे. हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजेच पुढील काळातील राष्ट्रीय पोषण संस्थेत, डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास ज्वारीतील ल्यूसीन या घटकाशी त्याचा संबंध जोडला. ज्वारी वाईट नव्हे. ज्वारीसोबत काहीच नसणे वाईट. नित्य मद्यपान करून जेवण टाळणाऱ्यांनाही हा आजार जडतो.

तिसरी खूण सर्वांत गंभीर होय. बालकाच्या पायांवर सूज येते, केस विरळ व तांबूस होतात आणि कातडी जुन्या रंगाच्या पापुद्र्यासारखी सुटते. हे तीव्र कुपोषण आहे. अशा बालकास मलम लावून घरी ठेवू नये, तत्काळ रुग्णालयात आणावे.

आपल्या परिसरातील ताट

पूर्वेकडील तालुक्यांत भात आणि वरोरा, राजुरा या बाजूंस ज्वारी हा जेवणाचा आधार आहे. तांदूळ गिरणीत फार पांढरा केला की कोंड्याबरोबर 'ब' गटातील जीवनसत्त्वेही जातात. ही तूट भरून काढणारे पदार्थ मात्र दूरचे नाहीत. धानानंतर घेतल्या जाणाऱ्या जवसाची चटणी व तेल, तीळ, शेंगदाणे, शेवग्याचा व तरोट्याचा पाला, आवळा, मामा तलावांतील लहान मासळी आणि परसातील कोंबडीचे अंडे हे सर्व त्वचेचे खरे टॉनिक आहे. पालेभाजीस थोडे तेल अवश्य असावे, कारण त्यातील 'अ' जीवनसत्त्वाचा घटक स्निग्धांशाशिवाय शरीरात नीट शोषला जात नाही. आदिवासी क्षेत्रातील गर्भवती व स्तनदा मातांना ताजा आहार देण्यासाठी शासनाने २०१५ मध्ये अमृत आहार योजना सुरू केली. अंगावर डाग आला म्हणून एखादी माता असे अन्न नाकारते, तेव्हा पथ्यानेच उणीव वाढते.

जो चट्टा आहाराचा नव्हे

आता अधिक महत्त्वाचे. फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श वा उष्णता जाणवत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. वरोऱ्यानजीक आनंदवनाचे कार्य उभे राहिले ते याच भूमीत, आणि या दोन्ही जिल्ह्यांत नवे कुष्ठरुग्ण आजही आढळतात. पेलाग्रा संसर्गाचा मानला गेला व तो निघाला आहाराचा. कुष्ठरोगाचे नेमके उलट झाले. तो खाण्यापिण्याचा वा पूर्वकर्माचा मानला गेला, पण त्याचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्येच दाखवून दिला होता. सकस आहाराने प्रतिकारशक्ती टिकते. परंतु कोणत्याही पथ्याने हा जंतू मरत नाही. बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो व प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो. उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी होते. जंतू मेले तरी वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. पथ्यात गेलेल्या महिन्यांची खरी किंमत ही आहे.

खरूज व गजकर्ण हेदेखील संसर्गाचेच विकार आहेत. मासे व दूध एकत्र घेतल्याने कोड होते, या समजुतीस आधुनिक वैद्यकात आधार सापडलेला नाही.

निवेदन

आपल्या घरी, शेजारी अथवा शेतावर काम करणाऱ्या कोणाच्या अंगावर बधिर चट्टा असल्यास त्यास प्रथम तपासणीस आणावे. काय खावे व काय टाळावे, हे निदानानंतर डॉक्टर सांगतील. तोवर ताटातील डाळ, पाला व अंडे कमी करू नये, ही सर्व हितचिंतकांस नम्र विनंती.