सागरी विषांचे परीक्षण, मत्स्यान्नातील

मासे, कालवे, तिसऱ्या, शिणाणे इ. सागरी अन्नात निसर्गतः साठणारी विषे ते अन्न खाण्यात येण्यापूर्वी शोधून काढण्याच्या पद्धतींचा यात समावेश होतो. ही विषे शिळेपणामुळे उत्पन्न होत नाहीत. ताज्या व निरोगी दिसणाऱ्या प्राण्यातही ती असू शकतात. त्यांना रंग, वास वा चव नसते आणि शिजविल्याने किंवा गोठविल्याने ती नाश पावत नाहीत. (बांगडा, कुपा यांसारखे मासे पुरेसे थंड न ठेवल्यास सूक्ष्मजंतूंमुळे हिस्टामीन तयार होऊन जी बाधा होते, ती निराळी होय.) ज्यावर माशी बसत नाही तो मासा विषारी, किंवा ज्याच्याबरोबर शिजविलेले चांदीचे नाणे काळे पडते तो टाकावा, अशा कसोट्या उष्ण कटिबंधातील बेटांवर रूढ होत्या, त्या निरुपयोगी ठरल्या आहेत. मांजराला आधी तुकडा घालून पाहण्याची रीत त्या मानाने शहाणपणाची म्हणावी लागेल, कारण शास्त्रीय परीक्षणाचा आरंभही प्राण्यावरील प्रयोगानेच झाला.

यांपैकी बहुतेक विषे सूक्ष्म शैवले तयार करतात. शिंपाधारी प्राणी पाणी गाळून अन्न मिळवीत असल्याने ती त्यांच्या शरीरात साठत जातात. त्या प्राण्यांना स्वतःला मात्र सहसा फारसा अपाय होत नाही. जॉर्ज व्हँकूवर यांच्या सफरीत १७९३ मध्ये उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर शिणाणे खाऊन एक खलाशी मरण पावला, तो अशाच विषाने. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९२७ मध्ये १०२ जणांना बाधा झाली व ६ जण दगावले. त्यानंतर हेर्मान झोमर व के. एफ्. मायर यांनी या विषाचा उगम प्लवकांत असल्याचे दाखविले आणि १९३७ मध्ये उंदरावरील परीक्षा प्रसिद्ध केली. या परीक्षेत मांस सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लात उकळून त्याचा अर्क उंदराच्या उदरात टोचतात व मृत्यूस लागणारा वेळ मोजतात. २० ग्रॅम वजनाचा उंदीर १५ मिनिटांत मरण्यास लागणारी विषाची मात्रा म्हणजे एक ‘मूषक एकक’ होय. पुढे या विषास सॅक्सिटॉक्सिन हे नाव मिळाले व १९७५ मध्ये त्याची संरचना निश्चित झाली. ते तंत्रिका कोशिकांतील सोडियम-मार्ग बंद करते. त्यामुळे प्रथम ओठ व जीभ बधिर होतात आणि मात्रा मोठी असल्यास श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. त्यावर उतारा नाही. कृत्रिम श्वसन हाच उपाय. १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम ही मर्यादा अनेक देशांनी स्वीकारलेली असून उंदराच्या परीक्षेने तिच्या सुमारे निम्म्यापर्यंतचे प्रमाण कळू शकते.

या परीक्षेचे दोष उघड आहेत. तिच्यात पुष्कळ प्राणी मारावे लागतात, निष्कर्षांत चढउतार होतो आणि विष कोणते हे निश्चित सांगता येत नाही. असे असूनही १९८७ मधील कॅनडातील घटनेने तिचे एक वेगळे मोल दाखवून दिले. त्या वर्षाच्या अखेरीस प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिणाणे खाऊन शंभरांहून अधिक लोक आजारी पडले. काहींचा मृत्यू झाला, तर काहींची स्मरणशक्ती कायमची अधू झाली. नेहमीप्रमाणे अर्क टोचलेले उंदीर मेले, पण सॅक्सिटॉक्सिनाच्या लक्षणांनी नव्हे. ते मागच्या पायाने खांदा खाजवीत राहिले. हे चिन्ह अपरिचित होते. हॅलिफॅक्स येथील रसायनशास्त्रज्ञांनी अर्काचे भाग पाडून प्रत्येक भाग पुन्हा उंदरावर तपासला आणि विषारी भागाचा माग काढीत सुमारे पाच दिवसांत डोमोइक अम्ल हे संयुग ओळखले. जपानमध्ये एका तांबड्या शैवलातून ते १९५८ मध्येच वेगळे करण्यात आले होते व ते शैवल तेथे जंतावरील औषध म्हणून वापरीत. कॅनडात मात्र त्याचा उगम करंडक वनस्पतींत (डायाटमांत) निघाला. या वर्गातील वनस्पती असे विष निर्माण करीत असतील, ही शंकाही तोवर कोणास आली नव्हती. केवळ सॅक्सिटॉक्सिनाचे रासायनिक मापन केले असते, तर ते शिणाणे निर्दोष ठरले असते.

आज उंदराची जागा बव्हंशी उपकरणांनी घेतली आहे. सॅक्सिटॉक्सिन गटासाठी अर्काचे ऑक्सिडीकरण करून द्रव वर्णलेखनाने घटक वेगळे करतात व त्यांचे अनुस्फुरण मोजतात. मेदात विरघळणाऱ्या विषांसाठी द्रव वर्णलेखनास द्रव्यमान वर्णपटमापकाची जोड देतात. यूरोपीय संघाने २०११ पासून हीच संदर्भ-पद्धती ठरविली आहे. प्रतिपिंडांवर आधारित पट्ट्या किनाऱ्यावरच त्वरित चाचणी घेण्यास सोयीच्या आहेत. या सर्व पद्धती अचूक आहेत, तथापि ज्या रेणूंसाठी त्या योजल्या आहेत तेवढेच रेणू त्या शोधतात. १९९५ मध्ये आयर्लंडमधून आलेले शिणाणे खाऊन नेदर्लंड्समध्ये काही जणांना अतिसार झाला. त्या वेळी परिचित ओकाडाइक अम्ल अत्यल्प आढळले आणि खरा कारक (ॲझास्पिरॅसिड) नंतर उलगडला. म्हणून अपरिचित बाधा दिसल्यास जिवंत कोशिकांवरील परीक्षेकडे परत वळावे लागते.

मांसाच्या तपासणीइतकेच महत्त्व पाण्यावरील देखरेखीस आहे. ठराविक काळाने पाण्याचे नमुने घेऊन त्यांतील विषारी प्लवकांच्या कोशिका मोजतात. संख्या वाढल्यास मांसाची तपासणी वाढवितात आणि त्यात मर्यादेपलीकडे विष आढळल्यास शिंपले काढण्यास बंदी घालतात. प्लवकांचा बहर ओसरल्यावर शिणाण्यांतील विष बहुधा काही आठवड्यांत निघून जाते. ज्या शिंपल्यावरून सॅक्सिटॉक्सिनास नाव पडले, त्या अलास्कातील जातीत मात्र ते दोन वर्षांपर्यंतही टिकते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरजवळ १९८३ मध्ये शिंपल्यांमुळे या प्रकारची बाधा झाल्याची नोंद आहे.

प्रवाळभित्तींवरील मोठ्या माशांमुळे होणाऱ्या सिग्वाटेरा या बाधेस ही व्यवस्था लागू पडत नाही. तिचे कारक शैवल पाण्यात तरंगत नसून तळाच्या वनस्पतींना व मृत प्रवाळांना चिकटून वाढते. ते गँबिये बेटांवर १९७७ मध्ये सापडले. शैवल खाणाऱ्या लहान माशांकडून विष भक्षक माशांत साचत जाते आणि एकाच भित्तीवरील दोन माशांपैकी एक विषारी व दुसरा निर्धोक असू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पॅसिफिकमधील सिग्वाटॉक्सिनासाठी सुचविलेली पातळी किलोग्रॅमला ०·०१ मायक्रोग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. ती मोजणे मोजक्याच प्रयोगशाळांना साधते व प्रत्येक माशाची अशी तपासणी करणे व्यवहार्य नसते. त्यामुळे ठराविक भित्तींवरील, ठराविक जातींचे व विशिष्ट वजनापेक्षा मोठे मासे बाजारात येऊ न देणे, हाच मार्ग अनेक ठिकाणी पत्करला जातो. अशा माशाचे डोके, यकृत व अंडी यांत विष अधिक असते.