नाशिकच्या शरणपूरमधून आफ्रिकेत गेलेल्या लोहाराने शेकडो गुलामांना आसरा कसा दिला?

नाशिकचा शरणपूर रोड सगळ्यांच्या ओळखीचा. पण एकोणिसाव्या शतकात इथल्या शरणपूर वसाहतीत गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं राहत होती, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आफ्रिकेतली मुलं नाशिकला कशी आली?

त्या काळी पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून जहाजांनी विकायला नेली जात. ब्रिटिश आरमार अशी जहाजं अडवायचं आणि सुटका झालेल्या अनेकांना मुंबईत आणायचं. त्यांतली काही मुलं चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वसाहतीत पाठवली गेली. तिथे शिक्षणाबरोबर सुतारकाम, लोहारकामही शिकवलं जाई. १८७३ मध्ये संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा आफ्रिकेत मृत्यू झाला. त्यांचा मृतदेह कित्येक महिने पायी चालत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमध्ये याच शाळेत शिकलेला जेकब वेनराइट होता.

विल्यम जोन्स कोण होते?

विल्यम हेन्री जोन्स लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले होते. सुटकेनंतर ते शरणपूरला आले, लोहारकाम शिकले आणि १८६४ मध्ये आफ्रिकेत परतले. पुढे आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या रबाई इथल्या मिशनचा कारभार त्यांच्याकडे आला.

किनाऱ्यावरच्या मळ्यांतले गुलाम पळून रबाईला येऊ लागले. मात्र तिथल्या कायद्याने पळालेला गुलाम ही मालकाची मालमत्ता होती. अशांना ठेवून घेऊ नका, असं मिशनचे वरिष्ठही बजावत होते. तरीही रबाईत त्यांना आसरा मिळत राहिला. १८८८ पर्यंत अशा लोकांची संख्या शेकडोंच्या घरात गेली. मालक चिडले, हल्ल्याच्या धमक्या आल्या.

अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने तोडगा काढला आणि १ जानेवारी १८८९ रोजी या लोकांना मुक्तीचे दाखले दिले. नुकसानभरपाई मात्र मालकांना मिळाली. वर्षानुवर्षं फुकट राबलेल्यांना नाही.

यातून काय दिसतं?

सरकार आणि मिशन यांच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे वरून मिळणारा कागद होता. रबाईतलं चित्र वेगळं होतं. ज्या रात्री माणूस मळ्यातून पळाला, त्याच रात्री त्याने आपलं स्वातंत्र्य मिळवलेलं होतं. उरलेल्यांचं काम एवढंच, की त्याला मालकाच्या हाती परत द्यायचं नाही. शरणपूरला आसरा मिळालेल्या जोन्स यांनी पुढे तेच केलं.