जुनी होडी आणि उथळ पाणी

अमेरिकेच्या फ्लॉरिडा संस्थानाच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्र आणि भूमि यांच्यामध्यें, इंडियन रिव्हर लगून नांवाची खाऱ्या-मचूळ पाण्याची एक लांबलचक खाडी पसरलेली आहे. नांवांत नदी असली तरी ही नदी नव्हे. हिची लांबी सुमारें १५६ मैल, पण खोली सरासरी अवघी चार फूट. येथील रेडफिश हा मासा मुंबईच्या बाजारांतील घोळ व ढोमा यांच्याच कुळांतला. स्नूक नांवाच्या दुसऱ्या माशाला आणि जिताड्याला शास्त्रज्ञ एके काळीं एकाच कुळांत घालीत असत. आणि मलेट म्हणजे तर चक्क बोय. असे मासे गळाला लावावयाचे तर मोठी नौका येथें कुचकामाची, ती चिखलांत रुतून बसावयाची. म्हणून तेथील सामान्य गृहस्थ सोळा-सतरा फुटांची, सपाटशा बुडाची एक लहान होडी बाळगतो, आणि ती बहुधा जुनी असते. नव्या होडीला हजारों डॉलर पडतात. तीस-चाळीस वर्षांची होडी त्याच्या लहानशा अंशांत मिळते. परंतु त्या अल्प किंमतींत गृहस्थ नेमकें काय विकत घेतो, हें समजून घेण्यासारखें आहे.

या होडीला 'सेंटर कन्सोल' म्हणतात. सुकाणूचें चक्र आणि एंजिनाच्या कळा एका उभ्या चौरस पेटीवर बसविलेल्या, आणि ती पेटी होडीच्या ऐन मध्यावर. चालक उभ्यानेंच होडी हांकतो. ही रचना शोभेसाठीं नव्हे. गळाला लागलेला मोठा मासा एका बाजूस स्वस्थ राहात नाहीं. तो होडीभोवतीं फेऱ्या घालतो, बुडाखालून पलीकडे जातो. दोरी तुटूं द्यावयाची नसेल तर माणसालाहि काठाकाठानें त्याच्या मागें फिरावें लागतें. पेटी मधोमध असली म्हणजे चोहोंबाजूंनीं ही प्रदक्षिणेची वाट मोकळी राहते.

अशा होड्यांच्या इतिहासांत रिचर्ड फिशर या गृहस्थाचें नांव ठळक आहे. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत त्यानें १९५८ सालीं 'बोस्टन व्हेलर' नांवाची तेरा फुटांची होडी बाजारांत आणली. फायबरच्या दोन कवचांमध्यें त्यानें रासायनिक फेंस भरून तो घट्ट होऊं दिला. जणूं दोन ताटांमध्यें पाव दाबून बसविला. १९६१ सालीं 'लाइफ' साप्ताहिकानें त्याचीं छायाचित्रें छापलीं : फिशर होडींत बसला आहे आणि करवतीनें होडीचे पाण्यांतच दोन तुकडे केले जात आहेत. दोन्ही तुकडे तरंगत राहिले. त्या चित्रांनीं होडी घरोघर पोंचली. पुढें अनेक कारखानदारांनीं आपापल्या होड्या काढल्या, आणि आज जुन्या म्हणून विकल्या जातात त्या याच पिढ्यांतल्या.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. फायबर कुजत नाहीं, हें खरें. पण होडी केवळ फायबरची नसते. तिच्या मागच्या उभ्या भिंतीच्या पोटांत प्लायवुडच्या फळ्या असतात, आणि या भिंतीलाच एंजिन टांगलेलें असतें. पुष्कळ होड्यांच्या तळाखालील लांब वाशांतहि लांकूडच असतें. एंजिनाच्या बोल्टांसाठीं भिंतीला भोकें पाडावींच लागतात. त्या भोकांतील लुकण वीस वर्षांत वाळून भेगाळतें. मग थेंबथेंब पाणी आंत शिरतें आणि लांकूड भिजून आंतल्या आंत भुसभुशीत होतें. बाहेरचें कवच मात्र तसेंच गुळगुळीत आणि चकचकीत. कोंकणच्या किनाऱ्यावरहि आतां लांकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या सर्रास दिसतात. लांकडी होडीचा दोष फळीवर टोच्या मारून पाहतां येतो. फायबरची होडी आपलें दुखणें झांकून ठेवते. रंग नवा काढलेला असेल तर अधिकच संशय घ्यावा.

हें दुखणें ओळखण्याच्या युक्त्या साध्या आहेत. हातोडीच्या लांकडी मुठीनें भिंतीवर इंचाइंचावर ठोकावें. कोरडें लांकूड टणक, स्पष्ट नाद देतें. कुजलेलें लांकूड ओल्या मातीच्या भिंतीसारखें बद्द वाजतें. मग एंजिन तिरपें उचलून त्याच्या खालच्या टोंकावर अंगाचा भार द्यावा, आणि दुसऱ्या माणसानें भिंतीकडे डोळे लावून बसावें. भिंत किंचितहि वांकली तर तेथेंच व्यवहार थांबवावा, किंवा दुरुस्तीचा खर्च किंमतींतून वळता करून घ्यावा. ही दुरुस्ती म्हणजे थिगळ नव्हे. कवच कापून, सडलेलें लांकूड खरवडून, नवीन गाभा बसवून पुन्हां फायबरचे थर चढवावे लागतात. कित्येकदां तिचा खर्च होडीच्या किंमतीहून अधिक होतो. खवळलेल्या पाण्यांत भिंतीनें दगा दिला तर तीनशें पौंडांचें एंजिन भिंतीसकट उपटून समुद्रांत जातें, आणि त्या जागीं पाणी यावयास मोकळें दार मिळतें.

फेंस भरलेल्या होडीचा रोग निराळा. तिच्यांत एखाद्या स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरलें तर तें फेंसांत वर्षानुवर्षें साठून राहतें. डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. तिला तराजूच दाखवावा. गाड्यासकट वजनकांट्यावर चढवून, गाड्याचें वजन वजा करून, कारखान्यानें छापलेल्या वजनाशीं ताडून पाहावें. एक घनफूट पाणी बासष्ट पौंड भरतें. पांच घनफूट पाणी पोटांत असलें म्हणजे दोन धट्टेकट्टे माणसें कायमचीं होडींत बसून आहेत असें समजावें.

याला नव्या एंजिनाची भर पडते. या होड्या आखल्या गेल्या त्या काळीं टू-स्ट्रोक एंजिनें असत. तीं तेल जाळीत, धूर सोडीत, पण हलकीं असत. आतां फोर-स्ट्रोकचा काळ आहे. तेवढ्याच अश्वशक्तीचें हें एंजिन बहुधा अधिक जड भरतें. अमेरिकेतलें फार जुनें 'एव्हिनरूड' हें एंजिन तर २०२० सालीं निघावयाचें बंद झालें. जुन्या होडीला जड एंजिन लावलें म्हणजे तिचा मागचा भाग दबतो. तळावरचें पाणी बाहेर जावें म्हणून ठेवलेलीं भोकें पाण्याखालीं जातात, आणि बाहेरचेंच पाणी आंत येऊं लागतें. त्यांतून पूर्वीच्या होड्यांची मागची भिंत ठेंगणी. होडी थांबवितांच मागून येणारी तिचीच लाट आंत उडी घेते. पाट्यावर लिहिलेली भाराची मर्यादा म्हणून आधीं वाचावी. वीस फुटांखालील अशा होडीवर ही पाटी १९७२ च्या अखेरीपासून सक्तीची झाली आहे.

पेट्रोलच्या टांकीकडेहि पाहिलें पाहिजे. पुष्कळ होड्यांत ती तळाखालीं पुरलेली ॲल्युमिनियमची असते, आणि ओल धरलेल्या फेंसाला टेकून ती बाहेरून झिजते. अमेरिकेंतील पेट्रोलांत आतां बहुधा दहा टक्के इथेनॉल असतें. तें पाणी ओढून घेतें. पाणी फार झालें कीं तळाशीं त्याचा वेगळा थर बसतो आणि तोच प्रथम एंजिनांत जातो. जुन्या रबरी नळ्याहि त्यानें खराब होतात. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यानें ती होडीच्या तळाशीं सांचते. तिला एका सडक्या तारेची ठिणगी पुरे. म्हणून शहाणा मालक होडी घेतल्यावर पहिला पैसा रंगाला न लावतां नळ्या, तारा आणि पाणी उपसण्याचा पंप यांना लावतो.

बाकी निगा बायकापोरांनाहि जमेल अशी आहे. घरीं येतांच एंजिन गोड्या पाण्यानें धुवावें. त्याला जस्ताचे लहान ठोकळे बसविलेले असतात. खारें पाणी एंजिनाच्या धातूऐवजीं ते खातें, म्हणून ते अर्धे झाले कीं बदलावे. थंड पाणी खेंचणारी रबरी चक्री दोन-तीन वर्षांनीं नवी घालावी. गाड्याच्या चाकांतील वंगण विसरूं नये. भर रस्त्यांत चाक निखळलें म्हणजे समुद्रापर्यंत पोंचण्याचाहि प्रश्न राहात नाहीं.

होडींत एकटाच माणूस असेल आणि तो पाण्यांत पडला तर चालू एंजिनाची होडी सरळ निघून जात नाहीं. तिचें सुकाणू एका अंगास ढळतें आणि ती गोल फिरत त्याच माणसाकडे परत येते. तिच्या मागें पंख्याचीं पातीं असतात. यासाठीं चालकाच्या कमरेला किंवा मनगटाला एक दोरी बांधतात. ती निसटतांच एंजिन बंद पडतें. १ एप्रिल २०२१ पासून सव्वीस फुटांखालील ज्या होडीला अशी कळ आहे तिच्या चालकानें, वेगानें जातांना ती वापरलीच पाहिजे असा कायदा आहे. कळ नसलेल्या जुन्या होड्या त्यांतून सुटल्या आहेत. पातीं मात्र कायद्याची सूट ओळखत नाहींत. कळ बसवून घेण्यास फारसा खर्चहि येत नाहीं.

खाडीचें स्वतःचेंहि दुखणें आहे. तिच्या तळाशीं उगवणारें समुद्रगवत हेंच माशांच्या पिलांचें पाळणाघर. शेतांतून व वस्त्यांतून वाहून येणाऱ्या द्रव्यांनीं पाणी गढूळलें, शेवाळ माजलें आणि गवत मेलें. २०२१ सालीं फ्लॉरिडांत सुमारें १,१०० मॅनटी, म्हणजे हें गवत खाणारे धिप्पाड शांत जलचर, मेले. त्यांतले कित्येक उपासमारीनें. २०२२ सालीं या खाडींतला रेडफिश घरीं नेण्यास बंदी घालण्यांत आली. धरावा आणि सोडावा, असा तेव्हां नियम झाला. उथळ पाण्यांत पंखा फिरवीत गेलेली होडी उरल्यासुरल्या गवतांत चर पाडते, आणि तो भरून यावयास वर्षें लागतात. म्हणून जाणता मालक दीड-दोन फूट पाण्यांत शिरतांच एंजिन वर उचलतो आणि लांब काठीनें होडी ढकलीत नेतो. जुनी हलकी होडी येथें कामाची ठरते. काठीच्या एका रेट्यानें ती गवतावरून सरकते, आणि मासाहि बुजत नाहीं.