बेघरांना छत मिळाले, पत्त्याचे काय?

थंडी पडली की रात्रनिवाऱ्यांची चर्चा सुरू होते. किती खाटा वाढवल्या, किती पांघरुणे वाटली याचे आकडे प्रसिद्ध होतात आणि ऊन तापू लागताच विषय मागे पडतो. मात्र निवाऱ्यात आलेला माणूस तेथून पुढे कोठे जातो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. वास्तविक निवाऱ्याच्या यशाची खरी कसोटी तीच आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील बेघरांची संख्या १७ लाख ७३ हजार होती. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार जण शहरांत, तर सुमारे २ लाख १० हजार जण महाराष्ट्रात होते. पदपथ, रेल्वे फलाट, उड्डाणपुलाखालची जागा, एवढेच काय पण ह्यूम पाइपमध्ये राहणाऱ्यांचाही यात समावेश होता. यांतील अनेक जण हमाली, बांधकाम, केटरिंग, कचरावेचणी अशी कामे करतात. म्हणजे काम आहे, पण घर नाही.

चोवीस तास कशासाठी?

पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, बारमाही आणि चोवीस तास खुला निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले. चोवीस तासांची अट महत्त्वाची आहे. सकाळी रिकामा करावा लागणारा निवारा रात्रपाळीच्या मजुराच्या उपयोगाचा नसतो, आजारी माणसाला तेथे दिवसा पडून राहता येत नाही आणि सामान व कागदपत्रे रोज अंगावर वागवावी लागतात.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दरमाणशी किमान ५० चौरस फूट जागेचा निकष ठरविण्यात आला. शिवाय निवाऱ्यातील रहिवाशांना ओळखपत्र, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, बँक खाते आणि रोजगार प्रशिक्षणाशी जोडून देणे अपेक्षित धरण्यात आले. निवारा हे केवळ झोपण्याचे ठिकाण नव्हे, ही भूमिका त्यामागे होती. अंमलबजावणी मात्र इतकी रेंगाळली, की सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली न्या. कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

कागदपत्रांचे दुष्टचक्र

पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून खाते नाही आणि खाते नाही म्हणून बचत नाही, असे हे चक्र असते. ते तोडण्याच्या वाटा नियमांतच आहेत. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. मतदार नोंदणीसाठी बेघर व्यक्तीला निवासाचा कागद द्यावा लागत नाही. अर्जात दिलेल्या जागी ती खरोखर झोपते का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन पाहतो. बँकेत केवळ छायाचित्र आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही वा अंगठा यांच्या आधारे लघु खाते उघडता येते. ५० हजारांपर्यंत शिल्लक, महिन्याला १० हजारांपर्यंत पैसे काढणे, अशा मर्यादा त्याला आहेत. या तरतुदी अर्जदाराला ठाऊक नसतात, खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यालाही पुष्कळदा नसतात. म्हणूनच सोबत जाऊन पाठपुरावा करणारा कार्यकर्ता हा निवाऱ्याचा सर्वांत मोलाचा घटक ठरतो.

काहींची अडचण कागदांपलीकडची असते. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचविण्याचे काम डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था करते. तिचे केंद्र कर्जतला आहे. या कार्यासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना परतण्यासारखे घरच उरलेले नाही, त्यांच्यासाठी चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेने ‘होम अगेन’ हा उपक्रम सुरू केला. त्यात चार-पाच जणी साध्या वस्तीत भाड्याचे घर घेऊन एकत्र राहतात. स्वयंपाक, बाजारहाट, शेजार हे सारे त्यांचे स्वतःचे असते. मदतनीस मात्र सोबतीला असतो.

शेवटची पायरी सर्वांत उंच

कागद झाले, काम मिळाले, तरी निवारा सोडताना गाडे अडते ते अनामत रकमेपाशी. रोजंदारीवर जगणाऱ्याला काही महिन्यांचे भाडे एकरकमी उभे करणे जवळपास अशक्य असते. त्यात ओळखीचा जामीनदार नसतो आणि ‘आधी कोठे राहत होता’ या प्रश्नाचे उत्तर घरमालकाला रुचत नाही. परिणामी बचत करूनही माणूस निवाऱ्यातच राहतो किंवा पुन्हा पदपथावर येतो.

फिनलंडने २००८ पासून हा क्रमच उलटा केला. तेथे व्यसनमुक्ती वा नोकरीची अट न घालता आधी स्वतःच्या भाडेकराराचे घर दिले जाते आणि मग उपचार व रोजगारासाठी साह्य केले जाते. त्यासाठी कित्येक निवाऱ्यांचे रूपांतर सदनिकांत करण्यात आले. आपल्याकडे घरांची टंचाई आणि बेघरांची संख्या पाहता हे जसेच्या तसे उचलणे कठीण आहे. परंतु २०२४ साली आलेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील भाड्याच्या घरांच्या घटकात बेघरांचाही उल्लेख आहे. निवाऱ्यातून बाहेर पडणाऱ्यांसाठी त्यांपैकी काही घरे राखून ठेवणे आणि अनामत रकमेसाठी फिरता निधी उभारणे, ही अशक्य कोटीतील गोष्ट नाही.

तोपर्यंत निवाऱ्यांचा आढावा घेताना खाटांबरोबरच आणखी एक आकडा विचारायला हवा : यंदा किती जण स्वतःच्या पत्त्यावर राहायला गेले?