उंचीचा हिशेब पायांनी होत नाही

उत्तराखंडातील गोविंदघाटहून वर चढणारी वाट घांघरिया या छोट्या वस्तीत पोहोचते आणि वस्ती मागे पडल्यावर थोड्याच अंतरावर तिला दोन फाटे फुटतात. डावीकडची वाट फुलांच्या दरीत, म्हणजे ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’मध्ये शिरते, उजवीकडची हेमकुंड साहिबकडे चढू लागते. सकाळी निघून संध्याकाळी मुक्कामावर परत येता येईल, अशा या दोन्ही वाटा. दर पावसाळ्यात अनेक मराठी पर्यटक या फाट्यावर येऊन उभे राहतात. रजा संपत आलेली, परतीचे आरक्षण झालेले आणि हातात एकच मोकळा दिवस असेल, तर प्रश्न ठरलेला असतो : यातली सोपी वाट कोणती?

प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. घांघरिया सुमारे 3,050 मीटर उंचीवर आहे. फुलांच्या दरीची पायवाट त्याहून चार-पाचशे मीटर वर जाते आणि दरीत शिरल्यावर बरीचशी सपाटीने चालते. हेमकुंडची वाट अंतराने सहाएक किलोमीटरच; पण तेवढ्यात ती हजार-अकराशे मीटर चढून 4,200 मीटरच्या आसपास पोहोचते. (काही ठिकाणी यापेक्षा मोठा आकडा दिला जातो.) सह्याद्रीतल्या मापाने सांगायचे, तर बारी गावातून कळसूबाईचा चढ सुमारे नऊशे मीटरचा. म्हणजे हेमकुंडचा चढ कळसूबाईपेक्षा थोडासाच अधिक. जो कळसूबाई चढून-उतरून दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर जातो, त्याचे पाय हेमकुंडसाठी पुरेसे आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

गफलत होते ती इथेच. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटरवर संपते. हेमकुंडची चढण सुरू होते, तीच त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच, सुमारे 21 टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. घांघरियात तो समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्के असतो, तर हेमकुंडला 60 टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. शरीर याला उत्तर देते. श्वास जलद व खोल होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातील रासायनिक तोल नव्याने साधतात. पण या कामाला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. आणि हे काम कोणाच्या शरीरात किती वेगाने होईल, याचा व्यायामाशी फारसा संबंध नसतो.

ही गोष्ट भारतीय सैन्याने मोठी किंमत मोजून शिकली. 1962 च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी प्रदेशातील जवानांना अल्पावधीत हिमालयातील अतिउंच ठाण्यांवर न्यावे लागले. धडधाकट तरुण डोकेदुखी, उलट्या आणि धाप लागून आजारी पडू लागले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी अशा 1,925 सैनिकांवर आधारलेला अभ्यास 1969 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारावरील साहित्यात त्याचा उल्लेख आजही होतो. कवायतीत तयार झालेल्या जवानांची ही स्थिती, तर रोज सकाळी बागेत पाच फेऱ्या मारणाऱ्याने ‘मी तंदुरुस्त आहे’ या एका वाक्यावर विसंबू नये, हे उघड आहे. उलट तंदुरुस्त तरुणच अनेकदा अधिक अडचणीत येतो, कारण त्याचे पाय त्याला फार लवकर फार उंच नेतात.

मुक्काम कुठे, हा खरा प्रश्न

एका दिवसाच्या चढाईला एक नैसर्गिक संरक्षण असते. उंचीचा त्रास बहुधा वर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी डोके वर काढतो. हेमकुंडला गेलेला माणूस तोवर खाली आलेला असतो. तिथे रात्री राहण्याची सोयच नाही आणि दुपारी दोनच्या सुमारास सर्वांना परतीला लावले जाते. म्हणून चढाईचा कळस किती उंच, यापेक्षा आदल्या रात्री माणूस कुठे झोपला आणि त्याआधीच्या रात्री कुठे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. पर्वतीय वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य संकेत असा, की 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. सखल भागातून निघून पहिल्याच रात्री 2,750 मीटरच्या वर झोपणे शक्यतो टाळावे, असेही सांगितले जाते.

या कसोटीवर घांघरियाचा प्रवास तपासून पाहण्यासारखा आहे. हरिद्वार-ऋषिकेश समुद्रसपाटीपासून तीन-साडेतीनशे मीटरवर. तिथून दिवसभराच्या मोटारप्रवासानंतर येणारे जोशीमठ 1,900 मीटरच्या आसपास. इथे एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, तिथून जीपने पुलना आणि पुढे सुमारे दहा किलोमीटर पायी घांघरिया, हा क्रम शरीराला बरा वाटतो. तिसऱ्या दिवशी फुलांची दरी आणि चौथ्या दिवशी हेमकुंड. पहिल्या दिवशी साडेतीन हजार मीटरपर्यंत जाऊन पुन्हा घांघरियात झोपलेले शरीर दुसऱ्या दिवशीच्या चढाला बरेच अधिक तयार असते. दोन दिवस हाताशी असूनही ‘कठीण ते आधी उरकू’ म्हणून पहिल्याच सकाळी हेमकुंडला निघणे हा शालेय परीक्षेचा हिशेब झाला. डोंगरात तो उलटा बसतो.

आणि दिवस एकच असेल तर? मग दरी निवडावी, हे निःसंकोचपणे सांगायला हवे. तिला दुय्यम समजण्याचे कारण नाही. 1931 मध्ये कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्याचे सहकारी या दरीत उतरले. 1938 मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि दरीचे नाव जगभर गेले. 2005 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. शिवाय या वाटेचा मोठा गुण असा, की कुठूनही मागे फिरले तरी दिवस वाया गेला असे वाटत नाही. हेमकुंडच्या वाटेवर मात्र सरोवर आणि गुरुद्वारा दिसल्याशिवाय काही साधले असे वाटत नाही, आणि हेच वाटणे माणसाला डोके ठणकत असतानाही वर ढकलत राहते. श्रद्धेने निघालेल्याला ‘परत चला’ म्हणणे तर आणखी कठीण.

पाय थकतील म्हणून अनेक जण हेमकुंडसाठी खेचर करतात. गुडघ्यांच्या दृष्टीने ते ठीक आहे. पण खेचर माणसाचे ओझे वाहते, त्याचा श्वास घेत नाही. उलट पायी सहा तास लागणारी उंची खेचरावर लवकर गाठली जाते आणि जुळवून घेण्याची सवड कमी होते. गोविंदघाटहून हेलिकॉप्टरने काही मिनिटांत घांघरियात उतरणाऱ्यांनाही हेच लागू. त्यांनी तो दिवस वस्तीतच सावकाश फिरण्यात घालवावा.

पहिल्यांदाच हिमालयात जाणाऱ्यांसाठी याहून सौम्य पर्याय आहे तो चोपत्याहून तुंगनाथचा. फरसबंद वाट, चारेक किलोमीटर चाल आणि शंकराचे प्राचीन मंदिर. दम असेल तर पुढे चंद्रशिला. उखीमठसारख्या खालच्या गावी मुक्काम करता येतो, ही त्यातली जमेची बाजू. हिवाळ्यात मात्र याच सोप्या वाटेवर बर्फ साचते आणि ती सोपी राहत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला लेह. मुंबई-दिल्लीहून विमानाने काही तासांत सव्वातीन हजार मीटरवर उतरलेल्या प्रवाशाने पहिले दोन दिवस कोणत्याही चढाईचे नावच काढू नये.

तयारी घरापासून

तयारी म्हणजे नवे बूट आणि सॅक, एवढाच अर्थ घेतला जातो. बूट हवेतच, पण निदान महिनाभर आधी घेऊन रुळवलेले. दीड-दोन महिने आठवड्यातून तीन-चार दिवस इमारतीचे जिने चढावेत आणि, जे सहसा कोणी करत नाही, तेवढेच उतरावेतही. हेमकुंडच्या अखेरच्या टप्प्यातील दगडी पायऱ्या चढताना छातीची परीक्षा होते, उतरताना गुडघ्यांची. रविवारी सिंहगडाची फेरी पाठीवर पाच-सहा किलो घेऊन करणे उपयोगी पडते. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे ऑगस्टमध्येही लोकरी टोपी लागते, आणि पाऊस तर रोजचाच. सुती कपडे भिजले की अंगावरच गार पडतात. जूनमध्ये जाणाऱ्यांना हेमकुंडच्या वाटेवर बर्फाचा पट्टा ओलांडावा लागू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. फुलांचा खरा बहर जुलै-ऑगस्टचा, आणि दरडी कोसळण्याचा काळही तोच. 2013 च्या जूनमधील महापुराने या वाटेची केलेली वाताहत विसरण्याजोगी नाही. परतीच्या आरक्षणाआधी दोन दिवस राखीव ठेवणे ही चैन नव्हे.

हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब किंवा गर्भावस्था असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे अनिवार्य. ॲसिटाझोलामाइड हे औषध शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते. पण ते सर्वांना चालत नाही, म्हणून मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नये. मद्य आणि झोपेच्या गोळ्या रात्रीचा श्वास मंदावतात, दोन्ही वर्ज्य. करोनाच्या साथीपासून अनेक घरांत आलेला ऑक्सिमीटर सोबत न्यायला हरकत नाही, मात्र त्याचा आकडा वाचताना घरचा हिशेब बाजूला ठेवावा. घांघरियात 90 च्या आसपासचा आकडा दिसणे अपेक्षितच असते, आणि गारठलेल्या बोटावर यंत्र भलताच आकडा दाखवते. आकडा चांगला, पण माणूस चालताना झोकांड्या देतो, असे असेल तर विश्वास माणसाकडे पाहून ठेवावा.

डोकेदुखी, भूक नसणे, मळमळ, थकवा ही सुरुवातीची लक्षणे. ती असताना आणखी वर जायचे नाही, एवढा नियम पुरतो. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, बोलण्यात गोंधळ, सरळ रेषेत चालता न येणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहायची नसते. तातडीने खाली उतरणे हाच मुख्य उपचार. अडचण अशी, की घांघरियातून खाली जाणारी वाट रात्री अंधारी आणि बहुधा ओली असते, आणि पावसाळी ढगांत हेलिकॉप्टर येत नाही. मध्यरात्री निघण्याची वेळ येऊ नये यासाठी गटातील प्रत्येकाला दिवेलागणीपूर्वीच विचारावे : डोके दुखते आहे का, दुपारी किती जेवलात? घाईघाईने ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणणाऱ्याला जरा निवांत, पुन्हा एकदा विचारावे.